इलेक्ट्रिक स्मोकरवरचा पहिला पोर्क शोल्डर

नॉर्थ कॅरोलायनात नव्याने आलेल्या मराठी घरात एक गोंधळ हमखास होतो. ऑफिसातलं कुणीतरी शनिवारी ‘बार्बेक्यू’ला बोलावतं. आपल्या डोळ्यांसमोर येते शेगडी, रसरशीत निखारे आणि सळईला टोचलेलं चिकन. प्रत्यक्षात ताटात पडतं ते बारीक तोडलेलं डुकराचं मांस, त्यावर पातळ आंबट-तिखट व्हिनेगर, बाजूला मऊ पाव आणि कोबीची कोशिंबीर. निखाऱ्यावर झटपट भाजण्याला इथली माणसं ग्रिलिंग म्हणतात. बार्बेक्यू म्हणजे मंद आचेवर, लाकडाच्या धुरात, तासन्‌तास शिजलेलं मांस, आणि या राज्यात तर तो शब्द थेट त्या पदार्थाचंच नाव आहे.

माझं बालपण मडगावात गेलं. शेजारच्या घरून नाताळात यायचं ते सोरपोतेल खाऊन वाढलेल्या जिभेला डुकराचं मांस आणि व्हिनेगर ही जोडी समजावून सांगावी लागत नाही. इथे आल्यावर पहिल्याच घासाला ओळख पटली. फरक एवढाच की आपल्याकडचा मसाला इथे नाही आणि इथल्या हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाचा धूर आपल्याकडे नाही.

राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर शिजवतात आणि त्यावर नुसतं व्हिनेगर, मिरची, मीठ. पश्चिमेकडे लेक्सिंग्टन गावाच्या आसपास फक्त खांद्याचं मांस घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात. तिथली कोबीची कोशिंबीरही त्याच सॉसने लाल होते. लेक्सिंग्टनचा बार्बेक्यू महोत्सव 1984 पासून ऑक्टोबरमध्ये भरतो. एकदा जाऊन या, मग घरी काय गाठायचंय ते नेमकं कळेल. तिथले जुने लोक विटांच्या भट्टीत हिकरी आणि ओकची लाकडं जाळून निखारे पाडतात, ते फावड्याने मांसाखाली सारतात, आणि हे काम रात्रभर चालतं. नोकरी-मुलं सांभाळून आपल्याला ते जमणारं नाही. पण खांद्याचा एक तुकडा, एक इलेक्ट्रिक स्मोकर आणि एक मोकळा शनिवार एवढ्यावर त्या चवीच्या बरंच जवळ जाता येतं. सहा वर्षं आमच्या घरामागच्या काँक्रीटच्या ओट्यावर हे चाललंय, त्यातून हाती लागलेलं इथे लिहिते आहे.

(पुढे सगळीकडे अंश म्हणजे फॅरनहाइट, कारण इथल्या यंत्रावर आणि पाककृतींत तेच असतं. 225 म्हणजे 107 सेल्सिअस, 250 म्हणजे 121 आणि 275 म्हणजे 135.)

यंत्र काय करतं

इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे लहान फ्रिजसारखं दिसणारं उभं कपाट. तळाशी हीटरची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, त्यावर पाण्याचं पसरट भांडं, मग तीन-चार जाळ्या, आणि वर किंवा मागे धूर जायला झरोका. 30 इंची मॉडेलमध्ये साधारण 800 वॅटची कॉइल असते. तुम्ही 250 लावलंत की थर्मोस्टॅट तेवढी उष्णता राखतो. अगदी बारा तास अखंड चालला तरी दहा युनिटच्या आत वीज, आणि कॉइल मध्ये मध्ये बंद होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

आच सांभाळणं हे बार्बेक्यूतलं सगळ्यात कष्टाचं काम, ते यंत्राने घेतलं. तुमच्याकडे दोन कामं उरतात: धूर स्वच्छ ठेवणं, आणि मांस झालं की नाही हे घड्याळाऐवजी थर्मामीटरवर बघणं. नवशिक्याचं जे काही बिघडतं ते या दोहोंपैकी एकातच बिघडतं, म्हणून पुढे त्यांच्यावरच जास्त लिहिलंय.

थर्मामीटर वेगळा घ्याच. दोन तारांचा मिळतो: एक टोक मांसात खुपसायचं, दुसरं जाळीला अडकवून आतली हवा मोजायची. यंत्राच्या पाटीवरचा आकडा आणि मांसाशेजारचा खरा आकडा यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. नवा थर्मामीटर आधी तपासून घ्या. बर्फ घातलेल्या पाण्यात त्याने 32 दाखवायला हवं, उकळत्या पाण्यात 212. अ‍ॅशव्हिलकडे डोंगरात राहत असाल तर पाणी 208 च्या आसपासच उकळतं, तेव्हा थर्मामीटर खराब निघाला असं समजू नका.

ठेवायचा कुठे

बाहेर, उघड्यावर. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावला तर चालेल का, असं मला प्रत्येक नवा माणूस विचारतो. चालणार नाही. ढलप्या धुमसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि गॅरेजमधून तो घरात शिरतो. भिंत, लाकडी कुंपण, झुडपं यांपासून दहा फूट लांब, सपाट आणि न जळणाऱ्या जमिनीवर स्मोकर ठेवा. प्लग थेट बाहेरच्या जीएफसीआय सॉकेटमध्ये, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन कॉर्ड टाळा, घरातली दिव्याची बारीक वायर तर अजिबात नको, ती तासन्‌तासांच्या लोडने तापते. पाऊस असेल तर बेत पुढे ढकला. सॉकेट सारखं ट्रिप होत असेल तर बहुतेक वेळा कॉइलच्या जोडाशी ओल शिरलेली असते. प्लग काढा, पूर्ण वाळू द्या, आणि ते सॉकेट टाळून दुसरीकडून जोडण्याच्या फंदात पडू नका.

अपार्टमेंटच्या बाल्कनीत लावण्याआधी लीज वाचा आणि ऑफिसात विचारा. कोळशाची आणि गॅसची शेगडी बहुतेक ठिकाणी बंदच असते, इलेक्ट्रिकबद्दल नियम जागोजागी वेगळे असतात. शिवाय वरच्या मजल्यावरच्या घरात दिवसभर धूर जाणार, हेही आहेच.

रिकामा तापवून घ्या

नवीन यंत्रात कारखान्यातलं तेल आणि धूळ असते. जाळ्या, पाण्याचं भांडं साबणाने धुवा, आतून पुसून घ्या, मग काहीही न ठेवता 275 वर तीन तास चालवा. शेवटच्या पाऊण तासात मूठभर ढलप्या घाला. आतल्या चकचकीत भिंती तांबूस-तपकिरी होतील. तो थर पुढे घासून काढायचा नाही. लोखंडी तवा जसा मुरवून घेतो तसंच हे.

ढलप्या आणि धूर

माझी पहिली दोन मांसं कडू झाली. ट्रे काठोकाठ भरला होता, ढलप्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या होत्या आणि धूर ‘आत राहावा’ म्हणून झरोका जवळजवळ बंद केला होता. दाराच्या फटींतून पांढरे लोट येत होते आणि मला वाटत होतं छान चाललंय. खाल्ल्यावर जीभ बधिर झाल्यासारखी वाटली, डांबराच्या वासासारखी एक चव घशात रात्रभर राहिली. चारही पाउंड मांस टाकून द्यावं लागलं.

त्या एका ताटात तिन्ही चुका होत्या. भिजवलेली ढलपी आधी पाणी उडवण्यात वेळ घालवते, तोवर येते ती वाफ, धूर नव्हे. गच्च भरलेल्या ट्रेमध्ये हवा खेळत नाही, लाकूड कोंडून धुमसतं. आणि बंद झरोक्यामुळे तो शिळा धूर मांसावर बसून काळा चिकट थर धरतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. कडूपणा त्याचा.

म्हणून ढलप्या कोरड्या, एका वेळी अर्धा कप, आणि झरोका पूर्ण उघडा. घातल्यावर पहिली दहा मिनिटं पांढरा धूर येईल, तो येऊ द्या. मग तो पातळ होत जातो, उन्हात धरला तर निळसर झाक दिसते, कधी कधी तर डोळ्यांना दिसतही नाही, फक्त वास येतो. हाच हवा. झरोक्यापासून हातभर अंतरावर उभं राहून वास घ्या: गोडसर, खमंग वाटला तर ठीक, डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर मांसालाही तेच लागणार आहे. दार न उघडता बाजूच्या नळीतून ढलप्या घालता येतील असं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

लाकूड कोणतं? या पदार्थाला हिकरी. ओक जरा सौम्य, तोही चालतो. चिकनला सफरचंद किंवा चेरी. मेस्किट फार उग्र आहे, पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नका. पाइन, देवदार अशी चिकाची झाडं आणि रंग किंवा औषध मारलेलं फर्निचरचं लाकूड कधीच वापरायचं नाही.

या यंत्राची एक अडचण आधीच सांगून ठेवते. ढलप्या कॉइलच्या धगीवर धुमसतात. आतली हवा ठरलेल्या अंशांवर पोचली की कॉइल बंद होते आणि धूरही थांबतो. त्यामुळे थंडीच्या दिवसात धूर भरपूर आणि जुलैत जेमतेम, असं होतं. उन्हाळ्यासाठी भोकं पाडलेली स्टीलची नळी मिळते. तिच्यात लाकडाचे पेलेट, म्हणजे भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, भरून एक टोक टॉर्चने पेटवायचं, नीट धुमसू लागलं की आत ठेवायची. बारा इंची नळी चार तासांच्या आसपास चालते. मला ती तिसऱ्या उन्हाळ्यात मिळाली आणि यंत्राबद्दलच्या माझ्या निम्म्या तक्रारी संपल्या.

भट्टीवरच्या मांसाला वरच्या गडद, सुकलेल्या थराखाली (त्याला मी साल म्हणते) जी गुलाबी कड येते ती इथे शोधू नका. ती लाकूड पेटताना निघणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे येते, आणि नुसत्या धुमसणाऱ्या मूठभर ढलप्यांतून तो पुरेसा निघत नाही. चवीत त्याने काही उणं पडत नाही.

आधी चिकनच्या मांड्यांवर हात बसवा

पहिल्याच दिवशी सहा पाउंडांचा तुकडा घेऊ नका. हाडासकटच्या आठ चिकन थाय आणा. रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघड्याच ठेवा म्हणजे कातडी सुकेल. सकाळी मिरपूड, लसूण पावडर आणि लाल रंगासाठी पॅप्रिका. घरात ब्याडगीची पूड असेल तर ती वापरा, रंग तसाच येतो, तिखटपणा थोडा जास्त. स्मोकर 275 वर, पाण्याचं भांडं रिकामं पण फॉइल लावून, ढलप्या फक्त दोनदा.

दीड-दोन तासांत होतं. चिकन 165 अंशांना खाण्याजोगं होतं, पण मांडीचं मांस 175 ला जास्त मऊ लागतं. हाडाजवळ धुरामुळे गुलाबी दिसू शकतं; आकडा बरोबर असेल तर घाबरू नका, आणि आकडा कमी असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका. कातडी या आचेवर रबरासारखी राहते. ती शेवटी ओव्हनच्या ब्रॉयलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या धगीखाली, तीन-चार मिनिटं धरली की कुरकुरीत होते.

असं दोनदा केलंत की दार, झरोका, ट्रे, थर्मामीटर सगळं हाताखालचं होईल. मग शोल्डर.

आदल्या दिवशी

दुकानात ‘पोर्क बट’ किंवा ‘बॉस्टन बट’ मागा. नावावरून वाटतं तसा तो मागचा भाग नाही, खांद्याचा वरचा भाग आहे. हाडासकट, सहा पाउंडांच्या आसपासचा घ्या. पांढरी चरबी मांसात जाळ्यासारखी पसरलेली असावी. गोठलेला असेल तर दोन-तीन दिवस आधी फ्रिजमध्ये काढून ठेवा, कारण आत बर्फ असलेलं मांस स्मोकरमध्ये धोक्याच्या तापमानात फार वेळ अडकतं. 40 ते 140 अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा आहे आणि त्यातून मांस लवकर बाहेर पडायला हवं.

वरचा चरबीचा थर पाव इंच ठेवून बाकीचा कापा. दीड मोठा चमचा जाडं कोशर मीठ सगळीकडून चोळा. आपलं नेहमीचं बारीक मीठ असेल तर एकच चमचा. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. वरचा मसाला सकाळी: दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर, दोन पॅप्रिका, एक जाडसर मिरपूड, दोन लहान चमचे लसूण पावडर. गरम मसाला, धणे-जिरे घालायचा मोह होईल. पहिल्या वेळी आवरा. आधी या मांसाची आणि हिकरीची चव कळू दे, प्रयोग पुढच्या खेपेला करू.

सॉसही आदल्या दिवशीच करून ठेवा, मुरल्यावर तो वेगळाच लागतो. दोन कप सायडर व्हिनेगर, एक मोठा चमचा मिरचीचे फ्लेक्स, एक मोठा चमचा ब्राऊन शुगर, एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा मिरपूड. साखर विरघळेपर्यंत कोमट करून बरणीत भरा. ही पूर्वेकडची पद्धत. लेक्सिंग्टनसारखा हवा असेल तर गरम करतानाच अर्धा कप केचप घाला. पाण्यासारखा पातळ दिसतो म्हणून दाट करायला जाऊ नका. तो मांसात झिरपायचा असतो.

शनिवार

संध्याकाळी सहाला जेवायचं धरून पहाटे साडेपाचला सुरुवात करा. यंत्र 275 वर तापत ठेवा, पाण्याच्या भांड्यात निम्म्यापर्यंत गरम पाणी. सव्वासहाला मांस फ्रिजमधून काढा, मसाला चोळा, थर्मामीटरचं टोक मधोमध खुपसा. टोक हाडाला लागलं तर आकडा चुकतो, तेवढं जपा. चरबीची बाजू खाली ठेवा. इथे धग खालून येते, चरबी मांसाला आडोसा देते. मधल्या जाळीवर ठेवून दार लावा आणि आता 250 करा. आधी जास्त तापवण्याचं कारण हेच की दार उघडल्यावर उष्णता भसकन निघून जाते.

पहिले तीन-चार तास धुराचे. मांसाचा पृष्ठभाग गार आणि ओलसर असतो तोवरच धूर त्याला चांगला धरतो. दर पाऊण तासाने अर्धा कप ढलप्या. दहा-साडेदहानंतर थांबलात तरी चालतं. दार मात्र उघडायचं नाही. एकदा उघडलं की आच पुन्हा जागेवर यायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि आत बघण्यासारखं काही नसतं. रस शिंपडायचा सल्ला ऐकाल, पहिल्या वेळी गरज नाही.

अकरा-बाराच्या सुमारास आकडा 150 च्या वर पोचेल आणि थांबेल. अर्धा तास 156, तासाभराने 158, कधी एक अंश खालीच. इथे नवा माणूस हमखास गडबडतो. यंत्र बिघडलं असं वाटतं, तापमान वाढवलं जातं, दार चार वेळा उघडलं जातं. याला इथे ‘स्टॉल’ म्हणतात आणि कारण आपल्या माठातलं आहे. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडतं आणि आतलं पाणी गार होतं. मांसही तसंच पाझरतं. यंत्र जेवढी उष्णता घालतं तेवढी वरचं पाणी उडण्यात खर्च होते. पाझर कमी झाला की आकडा आपोआप पुढे सरकतो.

वाट पाहता येते, किंवा फॉइलमध्ये गुंडाळता येतं. मी गुंडाळते, पण आकडा बघून नाही, साल बघून. बोटाने खरवडून बघा: मसाला सुटून हाताला लागला तर अजून अर्धा तास द्या. गडद तपकिरी, जवळजवळ काळी, कोरडी आणि घट्ट बसलेली साल झाली असेल, आकडा 160-165 असेल, तर बाहेर काढा. जाड फॉइलचे दोन थर, आत दोन-तीन चमचे सायडर व्हिनेगर, घट्ट पुडी, थर्मामीटर परत आत, पुन्हा 250. आता ढलप्यांचा उपयोग नाही, फॉइलमध्ये धूर शिरत नाही. पाऊस आला किंवा बाहेर वारा सुटला तर ही पुडी सरळ स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये 250 वर ठेवा, चवीत काही फरक पडणार नाही.

डुकराचं मांस 145 ला खाण्यासाठी सुरक्षित होतं, तेव्हा 200 पर्यंत कशाला न्यायचं, हा प्रश्न योग्य आहे. खांदा हा जनावराचा राबणारा स्नायू, त्यात कोलॅजनचे चिवट पडदे भरपूर. 160 च्या पुढे ते हळूहळू वितळून जिलेटिन होतात आणि त्याला वेळच लागतो. 170 ला कापलंत तर मांस शिजलेलं पण चामड्यासारखं लागेल. तेच मांस दोन तासांनी बोटाने सुटतं.

195 झालं की तपासायला लागा. थर्मामीटरचं टोक चार-पाच ठिकाणी खुपसून बघा. मऊ लोण्यात गेल्यासारखं कुठेही न अडता गेलं की झालं. कधी हे 198 ला होतं, कधी 205 ला. हाड धरून जरा हलवलं तर ते सैल लागतं. माझ्याकडे सहा पाउंडांचा तुकडा साधारण चारच्या आत-बाहेर होतो, पण एकाच दुकानातले दोन तुकडे तासा-दीड तासाने मागेपुढे होतात. उशीर होतोय असं दिसलं तर गुंडाळल्यानंतर 275 करायला हरकत नाही.

आता लगेच फोडू नका. फॉइलसकट जुन्या टॉवेलात गुंडाळा, पिकनिकच्या कूलरमध्ये बर्फाशिवाय ठेवून झाकण लावा. एक ते दोन तास. रस आत परत मुरतो, आणि ही मुरण्याची वेळ गाळलेलं मांस ताटात कोरडं पडतं. काम लवकर उरकलं तर कूलरमध्ये तीन-चार तासही छान राहतं, फक्त आतला आकडा 140 च्या खाली जाऊ देऊ नका.

मग मोठ्या परातीत पुडी उघडा. फॉइलमधला रस वाटीत काढून वरची चरबी चमच्याने बाजूला करा. हाडाला धरून ओढा. खांद्याचं ते पसरट हाड एकही धागा न चिकटता, धुतल्यासारखं पांढरं हातात येतं. ते येताना जो हलकासा ‘सुर्र’ आवाज होतो, त्यासाठी आमच्या घरची सगळी माणसं ओट्याभोवती जमतात. हातमोजे घालून मांस सोडवा, चरबीचे मोठे गोळे काढून टाका. लेक्सिंग्टनला ते सुरीने जाडसर चिरतात; मलाही तसंच आवडतं, कारण काळी साल सगळ्या घासांत सारखी वाटली जाते. वाटीतला रस आणि पाव कप सॉस घालून हलक्या हाताने कालवा, चव बघून मीठ. बाकीचा सॉस ताटाशेजारी. सहा पाउंडांतून तीन-साडेतीन पाउंड मांस निघतं, पाव आणि कोशिंबिरीबरोबर आठ-दहा जणांना पुरतं.

पोर्क न खाणाऱ्यांसाठी याच रीतीने लॅम्बचा खांदा होतो. साल धरायला लागणारा वेळ, गुंडाळणं, 195 ते 203 अंश, सगळं तेच. बोकडाचा खांदा मात्र फार कमी चरबीचा, तो तासभर आधीच गुंडाळा आणि फॉइलमध्ये तूप किंवा तेल घाला. शाकाहारी मंडळींना पनीरचे जाड तुकडे तेल-मीठ लावून 225 वर अर्धा तास, किंवा अर्धे कापलेले टोमॅटो दोन तास, त्याची चटणी अप्रतिम होते. वांगं भरतासाठी यात भाजू नका. 275 ला साल करपत नाही, आणि करपलेल्या सालीशिवाय भरताला ती चव येत नाही.

नंतरचं

उरलेलं मांस जेवणानंतर दोन तासांच्या आत पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये. बाहेर नव्वदच्या वर ऊन असेल तर एका तासात. तीन-चार दिवसांत संपवा किंवा त्याच्या रसासकट फ्रीझरमध्ये टाका. गरम करताना चमचाभर सॉस घालून झाकण ठेवा.

यंत्र पूर्ण गार झालं की प्लग काढून ठिबकणाऱ्या चरबीचा ट्रे रिकामा करा, राख पाणी शिंपडून मगच टाका, जाळ्या धुवा, दाराची रबरी कड ओल्या फडक्याने पुसा. कॉइलवर पाणी मारायचं नाही. पाण्याचं भांडं विसरू नका. एकदा जुलैत मी ते आत तसंच ठेवून दोन आठवडे दार लावलं आणि भिंतीवर हिरवी बुरशी उगवली. जाळ्या काढून खरवडलं, रिकामा 275 वर तासभर तापवला, पुन्हा पुसला, मगच वापरला. तेव्हापासून शेवटच्या पुसण्यानंतर दार बोटभर उघडं ठेवून आतलं पूर्ण वाळू देते आणि दुसऱ्या दिवशी कव्हर घालते.